एक्स्चेंजचा पत्ता खरा की बनावट : ही तपासणी डोळ्यांवर का सोडू नये

७ मार्च २०१८ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठच्या सुमारास, बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांच्या ऑनलाइन बाजारपेठेवर, व्हायाकॉइन या फारशा परिचित नसलेल्या चलनाचा भाव दोन मिनिटांत अचानक वर गेला. अनेक ग्राहकांच्या खात्यांतील बिटकॉइन त्यांच्या नकळत खर्च होऊन व्हायाकॉइनची खरेदी होत होती, आणि आधीपासून तयार ठेवलेल्या ३१ खात्यांतून तेच चलन चढ्या भावाने विकले जात होते. एक्स्चेंजच्या सर्व्हरमध्ये कोणी शिरले नव्हते. कंपनीने नंतर प्रसिद्ध केलेल्या निवेदनानुसार ग्राहकांचे लॉगिन तपशील जानेवारीपासून बनावट पानांवरून गोळा केले जात होते आणि २२ फेब्रुवारीच्या सुमारास या प्रकाराला जोर आला होता. संकेतस्थळाचा बनावट पत्ता आणि खरा पत्ता यांत फरक एवढाच होता की, बनावट पत्त्यातील दोन अक्षरांखाली एकेक टिंब होते. हल्लेखोरांनी हाती आलेल्या प्रत्येक खात्यात व्यवहारासाठीची एपीआय की, म्हणजे संगणकीय प्रोग्रॅमला खात्यावर खरेदी-विक्री करू देणारी किल्ली, तयार करून ठेवली आणि ते शांत बसले. त्या रात्री कंपनीच्या स्वयंचलित यंत्रणेने सगळ्यांचेच पैसे काढणे थांबवल्यामुळे लूट बाहेर जाऊ शकली नाही.

ही लूट अडली, कारण सगळा व्यवहार एकाच कंपनीच्या वहीत चालला होता. तेच बिटकॉइन एकदा ब्लॉकचेनवरून, म्हणजे कोणा एकाच्या ताब्यात नसलेल्या सामाईक नोंदवहीतून, हल्लेखोराच्या वॉलेटमध्ये (आभासी पाकिटात) गेले आणि त्या व्यवहारावर शिक्कामोर्तब झाले की, तो उलटवण्याचा अधिकार कोणत्याही बँकेकडे किंवा मध्यस्थाकडे नसतो. म्हणूनच एक्स्चेंजचा पत्ता ओळखणे हा प्रश्न इतर संकेतस्थळांच्या बाबतीत असतो त्याहून अधिक गंभीर ठरतो.

पत्त्याची रचना समजली की बनावट पत्त्यांचा एक मोठा वर्ग लगेच ओळखता येतो. आपण टपालाच्या पाकिटावर आधी घर, मग गाव, मग तालुका आणि शेवटी जिल्हा लिहितो, आणि टपाल खाते वाटणीची सुरुवात मात्र शेवटाकडून करते. डोमेन नावाचेही, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदवलेल्या नावाचेही, तसेच आहे. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघांपासून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा मजकूर हेच सर्व्हरचे नाव असते, आणि त्याची मालकी उजवीकडून डावीकडे ठरते. उजवीकडचे ‘कॉम’ आणि त्याला लागून असलेला डावीकडचा शब्द ही जोडी कोणीतरी नोंदवून विकत घेतलेली असते. त्या जोडीच्याही डावीकडे काय लिहायचे ते पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर असते. (‘को डॉट इन’सारख्या शेवटात दोन शब्द सोडून तिसरा पाहावा लागतो.) त्यामुळे एखाद्या पत्त्याच्या सुरुवातीला प्रसिद्ध एक्स्चेंजचे नाव, त्यापुढे ‘लॉगिन’, ‘सिक्युअर’, ‘व्हेरिफाय’ असे शब्द आणि अगदी शेवटी कोणते तरी अनोळखी डोमेन असेल, तर तो पत्ता त्या अनोळखी डोमेनच्या मालकाचा आहे. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता पूर्ण मावत नाही आणि नेमका निर्णायक भाग नजरेआड राहू शकतो, याचा फायदा असे पत्ते तयार करणारे घेतात. आडवी रेघ, म्हणजे हायफन, नावाचा तुकडा पाडत नाही, हेही लक्षात ठेवावे. हायफनने जोडलेले दोन शब्द मिळून एकच नाव बनते आणि ते कोणीही नोंदवू शकतो.

या नियमाचे महत्त्व अमेरिकेतील एका खटल्यात स्पष्ट दिसते. कॉइनबेस या कंपनीच्या व्यावसायिक सेवेचा पत्ता तेव्हा ‘प्रो डॉट कॉइनबेस डॉट कॉम’ असा होता. २०२१ पासून चाललेल्या एका फसवणुकीत ‘कॉइनबेसप्रो डॉट कॉम’ हा पत्ता वापरला गेला. वरवर पाहणाऱ्याला दुसरा पत्ता अधिक सुटसुटीत आणि म्हणून अधिक खरा वाटण्याचा संभव होता. प्रत्यक्षात पहिल्यात ‘कॉम’च्या लगत डावीकडे ‘कॉइनबेस’ आहे आणि दुसऱ्यात ‘कॉइनबेसप्रो’ हे संपूर्णपणे वेगळे नाव आहे. बनावट पानावर तपशील भरलेल्या काही ग्राहकांना खोट्या ग्राहकसेवेशी बोलायला लावून त्यांच्या संगणकाचा दूरस्थ ताबाही घेण्यात आला. या प्रकरणात दोन कोटी डॉलरहून अधिक रकमेची चोरी झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये एका भारतीय नागरिकाला पाच वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

येथपर्यंत काळजीपूर्वक वाचणाऱ्याचा बचाव होऊ शकतो. यापुढे मात्र वाचनच अपुरे पडते, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, तो अक्षराचा सांकेतिक क्रमांक पाहतो. रोमन लिपीतील ‘ए’ आणि रशियन भाषेच्या सिरिलिक लिपीतील ‘आ’ ही लहान अक्षरे पडद्यावर सहसा अगदी एकसारखी दिसतात, पण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, त्यांचे क्रमांक वेगळे असल्यामुळे त्यांच्यापासून बनलेली डोमेन नावेही वेगळी असतात. इस्राएलमधील दोन संशोधकांनी, एव्हगेनी गॅब्रिलोविच आणि ॲलेक्स गॉन्टमाखर यांनी, २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात हा धोका मांडला आणि मायक्रोसॉफ्टच्या नावातील दोन अक्षरे सिरिलिक वापरून तसे डोमेन प्रत्यक्ष नोंदवूनही दाखवले. एप्रिल २०१७ मध्ये एका संशोधकाने ‘ॲपल’ हा संपूर्ण शब्दच सिरिलिक अक्षरांत नोंदवला, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांच्या ॲड्रेस बारमध्ये तो हुबेहूब खऱ्यासारखा दिसत होता. त्यानंतर क्रोमने आपले नियम कडक केले. संशयास्पद नावे तो आता मूळ लिपीत न दाखवता ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात दाखवतो. एक्स्चेंजच्या पत्त्यात असे रूप दिसले तर तेथून तत्काळ बाहेर पडावे.

तथापि ब्राउझरचे हे नियम सर्व नकला पकडू शकत नाहीत. दोन लिपींची सरमिसळ पकडणे तुलनेने सोपे आहे. पण खाली टिंब असलेली अक्षरे विस्तारित रोमन लिपीचीच असतात. व्हिएतनामी भाषेत ती रोज वापरली जातात, आणि मराठी किंवा संस्कृत मजकुराच्या रोमन लिप्यंतरात ‘ट’, ‘ड’, ‘ण’ या वर्णांसाठी आपणही अक्षराखाली टिंब देतो. अशी नावे सरसकट बंद करणे म्हणजे कित्येक भाषांना त्यांची अक्षरे नाकारणे होय. शिवाय लिंकखाली निळी रेघ असेल, तर ते टिंब त्या रेघेत मिसळून जाते. देवनागरीतही ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ लहान टंकात चटकन वेगळे ओळखू येत नाहीत, त्यामुळे ‘डॉट भारत’ने संपणाऱ्या देवनागरी पत्त्यांनाही हा प्रश्न टळलेला नाही.

कुलपाच्या चिन्हाबद्दलचा गैरसमज अजूनही मोठा आहे. ते चिन्ह एवढेच सांगते की, तुमचा ब्राउझर आणि पत्त्यात लिहिलेल्या नावाचा सर्व्हर यांच्यातील संभाषण कूटबद्ध आहे. त्या नावाचा मालक प्रामाणिक आहे की नाही, याविषयी ते काहीही सांगत नाही. या कुलपासाठी लागणारी प्रमाणपत्रे आज काही मिनिटांत आणि विनामूल्य मिळतात, त्यामुळे बनावट संकेतस्थळावरही कुलूप असते. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले, त्यामागे हाच गैरसमज होता. शोधयंत्राच्या निकालात सर्वांत वर दिसणे हाही खरेपणाचा पुरावा नव्हे. सिस्कोच्या तालोस या विभागाने फेब्रुवारी २०१८ मध्ये युक्रेनच्या सायबर पोलिसांसह उघड केलेल्या एका टोळीने गूगलवर जाहिराती विकत घेऊन लोकांना एका प्रसिद्ध वॉलेट सेवेच्या बनावट पानांकडे वळवले होते, आणि तीन वर्षांतील लुटीचा अंदाज सुमारे पाच कोटी डॉलर होता.

मग तपासणी कोणावर सोपवावी? जो आकाराला फसत नाही, त्याच्यावर. पासवर्ड मॅनेजर पासवर्डासोबत डोमेनचे नाव साठवतो आणि दोन्ही नावे अक्षर-क्रमांकांनी तंतोतंत जुळली तरच पासवर्ड भरण्यास पुढे येतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर तो यंत्रातील बिघाड समजून पासवर्ड हाताने चिकटवण्याचा मोह होतो; त्याच क्षणी थांबून पत्ता तपासणे आवश्यक आहे. मोबाइलवरील ॲपमध्ये दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी कोड उपयोगी असला, तरी बनावट पान तो कोड मागून त्याच वेळी खऱ्या संकेतस्थळावर भरू शकते, कारण कोडला स्वतःला आपण कोणत्या पानावर भरले जात आहोत हे कळत नाही.

पासकी (पासवर्डाऐवजी फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली गुप्त किल्ली) आणि हार्डवेअर सुरक्षा-किल्ली (तेच काम करणारे छोटे वेगळे उपकरण) यांची रचना हीच उणीव दूर करण्यासाठी झाली. २०१९ मध्ये मान्य झालेल्या वेबऑथन या मानकानुसार प्रत्येक संकेतस्थळासाठी किल्ल्यांची स्वतंत्र जोडी तयार होते, तिच्यातील गुप्त किल्ली एकाच डोमेनशी बांधलेली असते, लॉगिनच्या वेळी त्या किल्लीने डिजिटल सही केली जाते, आणि ज्या पानावर आपण आहोत त्याचा पत्ता ब्राउझर स्वतः सहीच्या मजकुरात घालतो. टिंब असलेल्या बनावट डोमेनवर त्या किल्लीची सही होतच नाही. वापरणारा पूर्णपणे फसलेला असला तरी त्याच्याकडे त्या पानाला देण्यासारखे काही नसते. एक्स्चेंजने ही सोय दिली असेल तर ती आजच सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

पत्ता तंतोतंत खरा असूनही सर्व्हर खोटा असण्याची शक्यता दुर्मीळ आहे, पण ती घडलेली आहे. २४ एप्रिल २०१८ रोजी इंटरनेटच्या मार्गदर्शक यंत्रणेत फेरफार करून सुमारे दोन तास मायइथरवॉलेट या सेवेच्या काही ग्राहकांना भलत्याच सर्व्हरवर नेण्यात आले आणि सुमारे दीड लाख डॉलरचे इथर हे क्रिप्टो चलन चोरीस गेले. त्या सर्व्हरकडे वैध प्रमाणपत्र नव्हते, त्यामुळे ब्राउझर धोक्याची सूचना देत होता. ज्यांनी ती सूचना ओलांडली त्यांचे नुकसान झाले.

भारतात रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ हा राखीव शेवट जाहीर केला. तो फक्त बँकांनाच मिळत असल्याने उजवीकडचे दोन शब्द पाहून ग्राहकाला निश्चित उत्तर मिळते. क्रिप्टो एक्स्चेंजांना असा राखीव शेवट नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटने नऊ परदेशी एक्स्चेंजांना नोटिसा देऊन त्यांची संकेतस्थळे रोखण्याची शिफारस केली होती. नेहमीचा पत्ता असा बंद पडतो तेव्हा लोक गटांतून फिरणाऱ्या ‘पर्यायी’ लिंक शोधू लागतात, आणि भामट्यांना याहून सोयीची वेळ नसते. खाते उघडताना पडताळून साठवलेला बुकमार्क किंवा अधिकृत ॲप यांखेरीज दुसरी वाट अशा वेळी वापरू नये.

तपशील बनावट पानावर भरले गेलेच, तर बुकमार्कवरून खऱ्या संकेतस्थळावर जाऊन पासवर्ड बदलावा, इतर उपकरणांवरील सर्व लॉगिन बंद करावेत आणि एपीआय कींची यादी उघडून आपण न बनवलेली प्रत्येक की काढून टाकावी; पासवर्ड बदलला म्हणून त्या आपोआप रद्द होतील असे धरून चालू नये. त्यानंतर एक्स्चेंजला कळवून पैसे काढणे थांबवण्यास सांगावे, आणि १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी.