बेड्यावरची गोष्ट कोणी लिहिली?

वऱ्हाडातल्या खेड्यात वाढलेल्या अनेकांच्या कानावर लहानपणी हे वाक्य पडलेलं असतं: "घरात ये, पारधी नेईल." माझ्याही पडलं. म्हणणारी माणसं दुष्ट नव्हती. पण त्यांच्यापैकी एकानंही बेड्यावर बसून कधी घोटभर पाणी प्यायलं नव्हतं. पारध्यांच्या वस्तीला आमच्याकडे बेडा म्हणतात, आणि तो गावापासून लांबच असतो.

ही भीती आली कुठून, हे शोधत गेलं की एक सरकारी यादी हाती लागते. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता; १९११ च्या कायद्यानं त्याची कक्षा ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरली. जमातीचं नाव यादीत चढलं की पोलिसांत नोंद, ठरलेल्या वेळी हजेरी, मुक्काम हलवायचा तर परवाना. गुन्हा सिद्ध व्हायची गरज नव्हती, त्या घरात जन्म झाला एवढं पुरे. निरनिराळ्या प्रांतांच्या याद्यांत पारध्यांचे गटही आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या यादीतून सुटलेला विमुक्त समाज तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. पोलीस ठाण्याची सवय गेली नाही, गावाचीही गेली नाही.

ती यादी करताना, ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना कोणी विचारलं नाही. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

विचारलं असतं तर केवढं ऐकायला मिळालं असतं! फासे लावून तितर-बटेर धरणारे ते फासेपारधी. शिकवलेल्या गायीच्या आडोशानं सावजापर्यंत पोचणारे ते गाय पारधी. शिकारीसाठी चित्ते माणसाळवणारे ते चिता पारधी. पाखराची वाट, त्याची वेळ, त्याचा आवाज यांचं एवढं ज्ञान ज्यांच्याकडे होतं, त्यांच्या पोटापाण्याचा धंदाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा ठरला. जंगल राखायलाच हवं होतं. पण त्या लोकांनी पुढे खायचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

विचारून लिहायची रीत आपल्याला ठाऊक नव्हती असंही नाही. वऱ्हाडातल्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात गुजरातेतल्या भडोचहून निघालेले, महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर इथे आले, आपले गुरू गोविंदप्रभू यांना भेटले, आणि पुढे त्यांनी मराठीतूनच उपदेश केला. त्यांच्या पश्चात, १२७८ च्या सुमारास, त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी त्यांच्या आठवणी जमवायला घेतल्या. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांना गाठून त्यांनी एकेक लीळा, म्हणजे चक्रधरांच्या आयुष्यातला एकेक प्रसंग, विचारून घेतली. दोघांची आठवण जुळली नाही तर एकाची खोडून टाकली नाही. पाठभेद म्हणून, सांगणाऱ्याच्या नावासकट, लीळाचरित्रात ठेवली. मराठीचा आद्य गद्यग्रंथ असा ऐकून घडला, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि म्हणूनच एक गोष्ट सलते. पारध्यांची घरातली बोली गुजराती-राजस्थानीच्या जवळची आहे. गुजरातेतून आलेल्या एका माणसाला आपण स्वामी म्हटलं. तसलीच बोली बेड्यावरून ऐकू आली की दाराला कडी लागते.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झालं आहे. त्याच जिल्ह्यात, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंगरूळ चव्हाळ्याला, फासेपारधी समाजातल्याच मतीन भोसले या शिक्षकानं २०१२ मध्ये मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिचं नाव प्रश्नचिन्ह. एवढी वर्षं प्रश्न विचारण्याचा हक्क फक्त गावाचा आणि ठाण्याचा होता. म्हाइंभटांची रीत या बेड्यांवर नेली जावी, असं मला मनापासून वाटतं.

काही वर्षांपूर्वी एका बेड्यावर गेलो होतो. सोबत आमच्या गावचा एक शेतकरी होता. तो यायला तयार नव्हता, आल्यावरही गाडीपाशीच उभा राहिला. बेड्यावरची आजी फाशाच्या गोष्टी सांगत होती. सांगता सांगता तिनं तितराचा आवाज काढला. तसा तो गाडीपासून पुढे आला अन् म्हणाला, "हा नर हाये, आजी. आमच्या तुरीत सकाळी असाच बोलते." आजीनं मान हलवली, त्याला बसायला जागा करून दिली, आणि मग पुढची सगळी गोष्ट ती त्यालाच सांगत राहिली.