पाउंड कुठं वापरायचं अन् कुठं नाही (आमच्या स्पोकन इंग्लिश बॅचसाठी)

बॅचमधे सारखं विचारतात म्हणून हे पत्रक काढलंय, घरी नेऊन ठेवा. पाउंड म्हणलं की आधी लंडनची नोट नाहीतर वजन आठवतं, एक पाउंड म्हणजे साधारण 453 ग्रॅम, पण इथं त्याचा विषय नाही. वजनाचा पाउंड मूळ लॅटिनमधला आणि आपला हा कुटायचा पाउंड जुन्या इंग्रजीतला, स्पेलिंग एकच झालं एवढंच.

उन्हाळ्यात मिरची कांडपाला नेता का नाही? तिथं लोखंडी मुसळ वर जातं, धाडकन खाली येतं, परत वर, परत खाली, अन् उखळाशेजारी उभं राहिलं की ठसका लागतो. ते पाउंड. आजी येसरचा मसाला खलबत्त्यात कुटायली तर "ग्रँडमदर इज पाउंडिंग द स्पाइसेस". ज्वारीचं दळण गिरणीत टाकलं तर तिथं ग्राइंड, पाउंड म्हणलात की वाक्य गेलं. मिक्सरचं पण ग्राइंडच.

म्हणजे दोन गोष्टी पाहिजेत, जोर पाहिजे अन् सारखं सारखं पाहिजे. एकदाच हाणली तर हिट. "ही हिट मी" म्हणजे एक लगावली पण "ही पाउंडेड मी" म्हणजे चांगलं बदडून काढलं, त्यामुळं भांडणाचं सांगताना जरा जपून, पोराला एक टपली मारलेली अन् इंग्रजीत ऐकणाऱ्याला वाटतंय दवाखान्यात न्यावं लागलं! दार बडवायचं असलं तर ऑन लावा, "समवन इज पाउंडिंग ऑन द डोअर".

पावसाला पण हाच शब्द, पण पत्र्यावर बदाबदा पडायलाय तेव्हाच, "द रेन इज पाउंडिंग ऑन द टिन रूफ". भुरभुरीला ड्रिझल. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधे मराठवाड्यात गारपीट झाली होती, हरभरा-गहू झोपला, आठवत असेल सगळ्यांना, त्याचं वाक्य "हेलस्टोन्स पाउंडेड द क्रॉप्स".

आता इंटरव्ह्यूवाल्यांचं. बाहेर खुर्चीवर बसलाय, नाव पुकारायचंय, छाती धडधडायली, तर "माय हार्ट इज पाउंडिंग". रोजचं शांत ठोके पडणं म्हणजे बीटिंग, ते वेगळं. डोकं ठणकायलं तर "माय हेड इज पाउंडिंग", डॉक्टरला पण असंच सांगता येतं. आणि नोकरीसाठी पुण्यात ऑफिसं पालथी घालत फिरणाऱ्या आपल्या पोरांसाठी इंग्रजीत तयार वाक्प्रचारच आहे, "पाउंडिंग द पेव्हमेंट", पेव्हमेंट म्हणजे फुटपाथ. हा एकच पाठ केला तरी पत्रकाचे पैसे वसूल (पत्रक फुकटच आहे म्हणा).

क्रिकेटमधे बॉलरला धू धू धुतलं की "द बोलर्स टुक अ पाउंडिंग", इथं ते नाम झालंय म्हणून आधी अ येतो.

भूतकाळ सोपा, बीटचं बीटन होतं तसली भानगड नाही, सरळ ईडी लावायचं. फक्त बोलताना शेवटी "इड" नीट ऐकू आलं पाहिजे, पाउंडिड. बरेच जण पाउंड एवढंच म्हणून थांबतात अन् मग आजचं सांगताय का कालचं ते कळत नाही.

आपल्या घरातली, शेतातली पाच वाक्यं करून बॅचच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाका, सर रात्री तपासून देतात, त्याची वेगळी फी नाही. गुगलवरून उचललेली मात्र लगेच ओळखू येतात बरं का.