पार्श्वभूमी : शंभर बार दाबाखाली वाढवलेले कॅडमियम-झिंक-टेल्युराइड स्फटिक

मिरजेला तपासणीसाठी येणाऱ्यांना गॅमा कॅमेरा, म्हणजे शरीरातून येणारे गॅमा किरण टिपणारं यंत्र, नवा नाही. त्याच्या पोटात सोडियम आयोडाइडची जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची मोठी पाटी असते आणि ती भलती नाजूक असते. हवेतली ओल लागली की पिवळी पडते, तापमान झटकन बदललं की तडकते. म्हणून पेशंट नसले तरी त्या खोलीचा एसी बंद करत नाहीत. १९४८ पासून हा स्फटिक वापरात आहे आणि स्वस्त असल्यामुळे टिकूनही आहे. पण तो किरणाचा आधी प्रकाश करतो, मग त्या प्रकाशाची वीज होते, आणि या दोन पायऱ्यांत ऊर्जेचा नेमकेपणा हरवतो. किरणोत्सारी सीझियम-१३७ चा गॅमा किरण ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा; त्याची रेषा यात सहा-सात टक्के रुंद दिसते, आणि रेषा जितकी रुंद तितका नेमकेपणा कमी. किरणाची थेट वीज करणाऱ्या जर्मेनियमच्या स्फटिकात तीच ०.२ टक्क्यांच्या आसपास असते; मात्र जर्मेनियम द्रव नायट्रोजनने, म्हणजे उणे १९६ अंशांच्या आसपास, गार ठेवावं लागतं. गोठ्यात कृत्रिम रेतनाला येणारा माणूस मोटारसायकलला बांधून जो कॅन आणतो, त्यातलाच हा नायट्रोजन. प्रयोगशाळेत हे परवडतं, हातात धरायच्या यंत्रात फार काळ निभत नाही.

किरणाची थेट वीज करणाऱ्या, पण गार ठेवावं न लागणाऱ्या कॅडमियम टेल्युराइडकडे लक्ष गेलं ते १९६० च्या दशकात. मूलद्रव्यं जड असल्यामुळे थोड्या जाडीतच किरण अडतो. ऊर्जाफट (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) सुमारे दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे खोलीच्या तापमानालाही गळती प्रवाह, म्हणजे किरण नसताना वाहणारी वीज, बेताचा. दहा-वीस टक्के कॅडमियमच्या जागी जस्त घातलं की फट थोडी वाढते आणि गळती आणखी घटते. मधली वीसेक वर्षं इथे ओलांडून जातो, कारण खरा गुंता भट्टीत आहे.

कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं, जस्त ९०७ ला, टेल्युरियम ९८८ ला. या तिघांचं संयुग मात्र वितळतं ११०० अंशांच्या आसपास. म्हणजे मुशीतला माल वितळेपर्यंत तापवला की घटक पळून जायच्या तयारीत, आणि सगळ्यांत आधी पळतं ते कॅडमियम. आपल्या साखर कारखान्यातला पॅनमन नेमकं उलट करतो. तो पॅनमध्ये व्हॅक्यूम धरतो, म्हणजे पाक कमी तापमानाला उकळतो आणि साखर करपत नाही; अधूनमधून काचेच्या पट्टीवर नमुना घेऊन ग्रेन बघतो. फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असलेले नवे बारीक दाणे, पडला की त्याचा जीव वर-खाली होतो. त्याला एकसारखे असंख्य दाणे हवे असतात. इथे सबंध मुशीत एकच दाणा हवा, आणि उकळी तर फुटताच कामा नये.

त्यासाठी दोन वाटा होत्या. एक म्हणजे क्वार्ट्झच्या नळीत माल घालून नळी वितळवून बंद करायची. बाहेर काही जात नाही, पण आतल्या वाफेचा दाब वाढला तर तापलेली नळी फुटते आणि कॅडमियमची विषारी वाफ भट्टीभर होते. दुसरी म्हणजे ग्रॅफाइटची मूस बंद न करता पोलादी टाकीत ठेवायची आणि टाकीत शंभर बारच्या घरात, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण शंभरपट दाबाने, आर्गॉन वायू भरायचा. झिंक सेलेनाइडसारख्या संयुगांसाठी अशा भट्ट्या आधीपासून होत्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ही दुसरी वाट धरली गेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १० ते १०० अब्ज ओम-सेंटिमीटर रोधकतेचे, म्हणजे वीज जवळजवळ गळू न देणारे, स्फटिक हाती आले. पद्धतीला नाव मिळालं उच्चदाब ब्रिजमन. गंमत अशी की पर्सी ब्रिजमन या शास्त्रज्ञाच्या, वितळलेला माल एका टोकाकडून हळूहळू गोठवायच्या १९२५ च्या मूळ पद्धतीत दाबाचा संबंधच नव्हता. त्याच गृहस्थांना १९४६ चं नोबेल मिळालं ते मात्र उच्च दाबावरच्या कामासाठी.

वाद इथूनच सुरू होतो. एवढी रोधकता दाबामुळेच येते, असं काही वर्षं सर्रास सांगितलं गेलं. विकणाऱ्यांना ते सोयीचंही होतं, कारण तशी भट्टी मोजक्याच ठिकाणी होती. प्रत्यक्षात आर्गॉन कॅडमियमचा बाष्पदाब कमी करत नाही. तो बुडबुडे होऊ देत नाही आणि वाफेला बाहेर पडायला उशीर लावतो, एवढंच. कॅडमियम थोडंथोडं जातच राहतं आणि रस टेल्युरियमकडे झुकतो. तेच जादा टेल्युरियम पुढे स्फटिकात अडकून बसतं. अवरक्त सूक्ष्मदर्शकाखाली हे संयुग पारदर्शक दिसतं आणि त्यात काही मायक्रॉनांचे काळे त्रिकोणी-षटकोनी ठिपके उठून दिसतात. शिवाय दाबलेला आर्गॉन टाकीत जोरात फिरतो, तापमान स्थिर राहू देत नाही. ठोकळ्यात जुळे स्फटिक, भेगा, पोकळ नळ्या सापडत आणि कामाचा भाग थोडाच निघे.

नंतर सीलबंद नळीत, कमी दाबाला, इंडियमची किंचित मात्रा घालून तितकीच रोधकता मिळाली. कॅडमियमच्या रिकाम्या जागांचा परिणाम दुसऱ्या अशुद्धीने किंवा दोषाने तोलला गेला की रोधकता चढते; त्याला शंभर बार लागत नाहीत. तरीही उच्चदाबाची वाट धरण्याच्या निर्णयाला चूक म्हणणं मला पटत नाही. थंड न करता चालणारा जाड तुकडा बनू शकतो, ही खात्री बाजाराला त्या भट्टीनेच दिली. दावा फुगवला होता, भट्टी खोटी नव्हती.

स्फटिकाची उरलेली खोट इलेक्ट्रॉनिक्सने झाकली. या पदार्थात इलेक्ट्रॉन बऱ्यापैकी धावतात, होल (इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेल्या धन रिकाम्या जागा) मात्र वाटेतच अडकतात. १९९४ मध्ये समतल जाळीचे इलेक्ट्रोड आले, पुढच्या वर्षी छोट्या पिक्सेलचा परिणाम स्पष्ट झाला आणि फक्त इलेक्ट्रॉनांवर भागवता येऊ लागलं. ६६२ ची रेषा दोन टक्क्यांच्या आत आली. २००४ मध्ये गेलेल्या, आकाशातले गॅमा किरणांचे स्फोट शोधणाऱ्या स्विफ्ट उपग्रहावर असे ३२,७६८ तुकडे होते, प्रत्येक ४ मिलिमीटर चौरस. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट या खगोल उपग्रहावर ५ मिलिमीटर जाडीचे ६४ मोड्यूल आहेत. उपकरणावर काम पुणे-मुंबईकडच्यांनी केलं, मोड्यूल परदेशातून आणले. ज्या देशाला दुर्बिणीचा आराखडा जमतो त्याला आतला स्फटिक बाहेरून घ्यावा लागतो, याची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते.

दरम्यान बाजी मारली ती तिसऱ्याच वाटेने. टेल्युरियमच्या जादा द्रावणातून, वितळणबिंदूच्या बऱ्याच खाली, तापकाचा पट्टा दिवसाला काही मिलिमीटर सरकवत स्फटिक वाढवतात. वेळ खूप लागतो, पण कॅडमियम पळत नाही आणि ठोकळा सारखा निघतो. २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेल्या पहिल्या फोटॉन-मोजणी (क्ष-किरणाचा एकेक कण मोजणाऱ्या) सीटी यंत्रात कॅडमियम टेल्युराइड आहे. सीटीला दोनेक मिलिमीटर जाडी पुरते. अणुइंधनाच्या किंवा बंदरावरच्या मालाच्या तपासणीला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा ठोकळा लागतो, आणि त्या आकाराचा निर्दोष तुकडा कुठल्याही भट्टीतून आला तरी अजून महागच आहे.