एलएचएस ३८४४ बी

एलएचएस ३८४४ बी : सूर्यमालेबाहेरील एक तप्त, खडकाळ ग्रह. पृथ्वीपासून सुमारे ४९ प्रकाशवर्षे अंतरावर, दक्षिण खगोलार्धातील इंडस तारकासमूहात एका लाल बटू (लहान, मंद आणि तुलनेने थंड) ताऱ्याभोवती तो फिरतो. ताऱ्याच्या नावातील 'एलएचएस' हे खगोलशास्त्रज्ञ विलेम लायटन यांच्या सूचीवरून आले आहे. वर्षाला अर्ध्या विकलेहून (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अधिक स्वगती, म्हणजे आकाशातील स्वतःचे सरकणे, असलेले तारे त्यांनी या सूचीत नोंदवले होते. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २०२२ च्या नामकरण उपक्रमातून कोस्टा रिकातील ब्रिब्री भाषेतून ताऱ्याला बात्सू (गुंजनपक्षी) आणि ग्रहाला कुआकुआ (फुलपाखरू) ही नावे मिळाली.

हा ग्रह २०१८ मध्ये नासाच्या 'टेस' अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडला. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश सुमारे ०.४ टक्के कमी होतो. त्यावरून ग्रहाची त्रिज्या पृथ्वीच्या १.३ पट निघते. एवढ्या लहान ग्रहाने इतकी ठळक घट घडवावी याचे कारण तारा स्वतःच खुजा आहे. त्याची त्रिज्या सूर्याच्या एक पंचमांशाहूनही कमी आहे. ग्रहाचे वर्ष अवघ्या ११ तासांचे. ताऱ्यापासून त्याचे अंतर सुमारे ९ लाख ३० हजार किलोमीटर, म्हणजे चंद्र आपल्यापासून आहे त्याच्या जेमतेम अडीचपट. तिथल्या आकाशात ताऱ्याची तांबडी थाळी आपल्या सूर्यबिंबाच्या तीसपट रुंद दिसेल.

इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे वळलेली असते, असे मानले जाते. एका बाजूला न मावळणारा दिवस, दुसरीकडे न सरणारी रात्र. या ग्रहाचे खरे महत्त्व त्या रात्रीत आहे. २०१९ मध्ये लॉरा क्राइडबर्ग आणि सहकाऱ्यांनी स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने शंभराहून अधिक तास त्याचा अवरक्त प्रकाश मोजला. दिवसाच्या बाजूचे तापमान सुमारे ७७० अंश सेल्सिअस भरले; तिथे ॲल्युमिनियमही वितळेल. रात्रीच्या बाजूकडून मात्र मोजण्याजोगी उष्णता आलीच नाही. ग्रहाभोवती दाट हवा असती, तर वाऱ्यांनी थोडी तरी ऊब पलीकडे नेली असती. पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या दहापटीहून दाट वातावरण तिथे नाही, असे या मोजमापातून ठरले. त्याहून विरळ थर ताऱ्याकडून येणाऱ्या भारित कणांच्या माऱ्यापुढे टिकणे अवघड. म्हणून हा ग्रह उघडाबोडका खडक असावा, हाच अर्थ सर्वांत सरळ वाटतो. हवेचा एक कणही न पाहता, केवळ रात्रीच्या गारव्यावरून हवेविषयी एवढे सांगता यावे, ही खगोलशास्त्रातील अतिशय देखणी युक्ती आहे.

ग्रहाचा पृष्ठभाग फार कमी प्रकाश परावर्तित करतो. हे चंद्रावरचे काळे डाग आणि बुध यांच्याशी जुळते, म्हणजे तिथे बेसाल्टसारखा खडक असण्याची शक्यता आहे. सह्याद्रीचे कडे ज्याचे बनले आणि अजिंठा-वेरूळची लेणी ज्यात कोरली, तो काळा पाषाण याच जातीचा.

आकाशगंगेतील बहुसंख्य तारे लाल बटू आहेत. त्यांच्या जवळचे खडकाळ ग्रह हवा राखू शकतात का, हा प्रश्न जीवसृष्टीच्या शोधात कळीचा आहे. या एका ग्रहावरून सर्वांचा निवाडा करता येणार नाही. दूरच्या, कमी तापलेल्या कक्षांत परिस्थिती वेगळी असू शकते. जेम्स वेब दुर्बिणीच्या पहिल्या वर्षाच्या निरीक्षणांतही या ग्रहाला जागा मिळाली. त्याच्या कवचातील खडकाचा प्रकार ओळखणे आणि ज्वालामुखींतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडसारख्या वायूंचा माग काढणे, हा त्यामागचा हेतू होता.