कार्डावर की टेबलावर? आरमारी मिनिएचर खेळांतल्या नोंदींची पार्श्वभूमी

आरमारी मिनिएचर खेळात, म्हणजे चिमुकली जहाजं मांडून खेळायच्या सागरी लढाईत, टेबलावर पसारा का होतो, याचं सोपं उत्तर 'जहाजं फार' असं दिलं जातं. ते अर्धवट आहे. साठ जहाजं मांडूनही टेबल मोकळं राहू शकतं आणि चार जहाजांतही त्याचा बाजार होऊ शकतो. पसारा ठरतो तो जहाजाची अवस्था कुठे लिहायची यावर: खेळाडूच्या हातातल्या कार्डावर, की जहाजाशेजारी ठेवलेल्या खुणेवर. या प्रश्नाचं उत्तर सव्वाशे वर्षांत अनेकदा बदललं आहे.

अठराव्या शतकाला इथे फार जागा द्यायची गरज नाही. १७८२ मध्ये नौदलात कधी चाकरी न केलेल्या एका स्कॉटिश गृहस्थाने चिमुकली जहाजं मांडून रांगा तोडण्याचे डावपेच समजावले, पण त्यात नुकसानच मोजायचं नव्हतं, त्यामुळे नोंदही नव्हती. नोंद आली ती १८९८ मध्ये लंडनहून निघालेल्या खेळात. त्यात प्रत्येक जहाजाचं स्वतंत्र कार्ड होतं आणि कार्डावर जहाजाची आकृती चौकटींत विभागलेली होती. टोकाला टाचणी बसवलेली छोटी फळी लक्ष्याच्या चित्रावर आपटायची, टोचा पडेल त्या चौकटीतलं चिलखत बघायचं आणि गोळा आत शिरला तर चौकट खोडायची. आजच्या प्रत्येक जहाज-कार्डाची ही आजी.

अमेरिकेत न्यूपोर्टच्या नौदल महाविद्यालयात १८८७ पासून असे खेळ होत होते. तिथे पुढे जमिनीवर मोठा पट आखला गेला आणि हिशेब कागदावर, पंचांकडे राहिला. लिव्हरपूलला १९४२ मध्ये ताफ्यांच्या रक्षणाचे डावपेच शिकवताना नोंद थेट जमिनीवरच खडूने केली जाई. रक्षक जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूने आखत आणि पाणबुड्यांचे हिरव्या. पडद्याच्या फटीतून बघणाऱ्या अधिकाऱ्याला तपकिरी लिनोलियमवरचा हिरवा खडू दिसत नसे. म्हणजे नोंद सगळ्यांसमोर पसरलेली असूनही शत्रूपासून लपलेली. ही युक्ती इतकी साधी आहे की नंतरच्या नियमकर्त्यांनी ती का उचलली नाही, याचं नवल वाटतं.

१९४० मध्ये न्यूयॉर्कहून छापील नियम आले. त्यांत एका इंचाला पन्नास फूट या मापाची, म्हणजे १:६०० ची जहाजं आणि खेळायला चक्क नाचघराची फरशी. तोफा, चिलखत, वेग आणि वजन एका सूत्रात घालून जहाजाचं मूल्य काढायचं. गोळे लागतील तसं ते कमी करायचं आणि कार्डावर ठरलेल्या टप्प्यांवर तोफा आणि वेग काढून घ्यायचा. पल्ला डोळ्यांनी इंचांत ताडायचा असल्यामुळे गोळा पडला तिथे फरशीवर खूण ठेवावी लागे, पण फरशी मोठी होती. त्या खुणांना कोणी पसारा म्हटलं नाही.

अडचण सुरू झाली खेळ घरच्या टेबलावर आल्यावर. १९७० च्या दशकात १:२४०० आणि १:३००० ची शिशाची जहाजं सर्रास मिळू लागली. १:३००० मध्ये १७५ मीटरची क्रूझर ५.८ सेंटिमीटर भरते, ११५ मीटरची विनाशिका ३.८. जेवणाच्या टेबलावर युटलंड, म्हणजे पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश-जर्मन आरमारांची मोठी लढाई, मांडायची स्वप्नं पडू लागली. युटलंडला ३१ मे १९१६ रोजी दोन्ही बाजूंची मिळून अडीचशे जहाजं होती. प्रत्येकी एक कागद म्हटलं तर अडीचशे कागद. त्यामुळे नोंद आक्रसली आणि जहाजाला कागदाऐवजी एक ओळ मिळाली: नाव, काही हल बॉक्स (जहाजाच्या सांगाड्याच्या चौकटी), प्रत्येक टरेटला, म्हणजे तोफांच्या फिरत्या मनोऱ्याला, एक बॉक्स, टॉर्पेडोला एक. एका पानावर आठ-दहा जहाजं मावू लागली.

या काळात बसलेल्या दोन सवयी अजून टिकून आहेत. पहिली खुणांची. गोळीबार एकाच वेळी होतो असं धरल्यामुळे या फेरीत बुडणारं जहाजही या फेरीत गोळे टाकतं. म्हणून नवं नुकसान आधी एका तिरप्या रेघेने मांडायचं आणि फेरी संपल्यावर दुसरी रेघ ओढून फुली पूर्ण करायची. तिरपी रेघ म्हणजे 'लागलंय, पण अजून लागू नाही'. फेरीअखेर रेघांच्या फुल्या करायला विसरलं की पुढच्या फेरीत मेलेलं टरेट बिनदिक्कत गोळे टाकतं. नोंदीतल्या निम्म्या भांडणांचं मूळ तिथे असतं. शिसपेन्सिल २बी असावी. पेनाने केलेली चूक खोडता येत नाही आणि एचबीची रेघ मंद दिव्यात दिसत नाही.

दुसरी सवय मापाची. एका नॉट वेगाने तीन मिनिटांत जवळपास १०० यार्ड कापले जातात. फेरी तीन मिनिटांची आणि १०० यार्डांना एक सेंटिमीटर धरला, की २८ नॉटचं जहाज २८ सेंटिमीटर सरकतं. तक्ता नको, वेगाची वेगळी सोंगटी नको. किंमत एकच: जमिनीचं माप साधारण १:९१०० होतं आणि त्या मापात १:३००० चं जहाज तिप्पट लांब ठरतं. म्हणून अंतर नाळेपासून (जहाजाच्या पुढच्या टोकापासून) की मुख्य डोलकाठीपासून, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. नाही ठरवलं तर दर फेरीला तीनशे-चारशे यार्डांचा वाद.

मध्ये एका शब्दाने गोंधळ घातला. शिडाच्या जहाजांच्या खेळांत 'लॉग' म्हणजे हालचालीचा आदेश आधी लिहून ठेवायचा तक्ता: 'दोन पुढे, डावीकडे, एक पुढे' हे सांकेतिक अक्षरांत. त्याच कागदावर सांगाडा, खलाशी, शिडं आणि दोन्ही बाजूंच्या तोफा यांचे बॉक्सही असत. वाफेच्या जहाजांच्या नियमांत 'लॉग' हे नाव नुसत्या नुकसानाच्या पानाला चिकटलं. त्यामुळे 'लॉग झाकून ठेवा' हे वाक्य एकाने 'आदेश दाखवू नका' असं वाचलं आणि दुसऱ्याने 'नुकसान दाखवू नका' असं. हे दोन वेगळे नियम आहेत. पहिल्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दुसऱ्यावरून अजून भांडणं होतात.

त्या दुसऱ्यासाठी १३ डिसेंबर १९३९ ची दक्षिण अमेरिकेजवळची ला प्लाटाची लढाई घेऊ. एका बाजूला जर्मन ग्राफ श्पे, तीन-तीन तोफांची २८ सेंटिमीटरची दोन टरेट. दुसऱ्या, ब्रिटिश बाजूला सहा ८ इंची तोफांची एक्झेटर आणि प्रत्येकी आठ ६ इंची तोफांच्या एजॅक्स व अकिलीस. फक्त चार जहाजं. (यातली अकिलीस १९४८ मध्ये भारताकडे येऊन 'दिल्ली' झाली, १९६१ मध्ये दीवच्या कारवाईत होती आणि १९७८ पर्यंत नौदलात राहिली. आपल्याकडे ही लढाई मांडणाऱ्याला तेवढं अप्रूप परवडतं.)

आता एक्झेटर बघा. पुढच्या ए आणि बी टरेटांपैकी बी गेलं, त्याच माऱ्यात ब्रिज (कप्तान जिथून जहाज चालवतो तो मंच) उद्ध्वस्त झाला, सुकाणूचे आदेश खलाशांची रांग लावून मागे पोचवावे लागले, ए टरेट गेलं, आगी लागल्या, पाणी शिरलं, जहाज कललं आणि शेवटी पाण्यामुळे वीज तुटून मागचं वाय टरेटही गप्प झालं. टेबलावर सगळं दाखवायचं तर आठ खुणा झाल्या. पंधरा मिलिमीटरच्या गोल चकत्या एका रांगेत ठेवल्या तर बारा सेंटिमीटर, म्हणजे जहाजाच्या दुप्पट. आणि प्रत्येक फेरीला जहाजाबरोबर त्या आठही उचलायच्या. एखादी मागे राहतेच, आणि पुढच्या फेरीत जवळून जाणाऱ्या अकिलीसला ती आग आपोआप लागते.

पण खरा मुद्दा गर्दीचा नाही, माहितीचा आहे. 'वाय बंद' ही चकती टेबलावर पडली की ग्राफ श्पेच्या खेळाडूला कळतं, एक्झेटरकडे आता एकही मोठी तोफ नाही. तो निश्चिंतपणे दुसऱ्या दोघींकडे वळतो किंवा हिला आरामात संपवतो. प्रत्यक्षात ग्राफ श्पेने तिला संपवलं नाही. हजारो यार्डांवरून धूर, ज्वाळा, कललेला सांगाडा आणि मंदावलेला वेग दिसतो. टरेटची वीज का गेली हे दिसत नाही. एवढंच काय, स्वतःच्या जहाजाची नोंदही चुकते. त्याच सकाळी एजॅक्सचा दारूगोळा फक्त वीस टक्के उरलाय असं ब्रिटिश सेनापतीला कळवलं गेलं आणि त्याने लढाई तोडण्याचं एक कारण तेच होतं. तो आकडा केवळ ए टरेटचा निघाला. सगळ्या चकत्या उघड्या मांडणाऱ्या टेबलावर ही सकाळ घडूच शकत नाही.

उघड खुणांच्या बाजूनेही बोललं जातं. एका खेळाडूकडे सहा जहाजं असली की हातातलं कार्ड विसरलं जातं आणि समोरच्याला तपासता येत नाही. प्रदर्शनात बघ्यांना कार्ड दिसत नाही. हे खरं आहे, पण त्यावर उपाय पंच आहे, चकत्या नव्हेत.

मधला मार्ग बऱ्याच टेबलांवर आपसूक रूढ झाला: शत्रूच्या दुर्बिणीतून जे दिसेल ते टेबलावर, बाकी कार्डावर. आग, कलणं, बुडणं, धुराचा पडदा आणि पाण्यात सुटलेले टॉर्पेडो टेबलावर. टरेट, दारूगोळा, आत शिरलेलं पाणी, सुकाणू कार्डावर. सुकाणू अडकलंय हे जहाजाच्या चालीवरून कळेलच. युटलंडला वॉरस्पाइट गोल फिरू लागली तेव्हा तिच्यावर चकती नव्हती.

१९८० नंतर नोंद पुन्हा फुगली. जहाजाला शेकड्यांत नुकसान-अंक आणि ठरावीक टक्क्यांवर वेग कमी, अशी पद्धत आली. ३१२ मधून २७ वजा, मग १९ वजा, मग पंचवीस टक्के झाले का याचा हिशेब समासात. चुका व्हायच्याच. त्यातून सुटायला टप्पे आधीच छापलेली कार्डं आली, आणि आज घरी कार्ड करायचं तर हीच मांडणी सोपी पडते. आकार ए६. वर नाव आणि बेसचा, म्हणजे जहाज ज्यावर बसवतात त्या पट्टीचा, क्रमांक. डावीकडे समजा चोवीस हल बॉक्स, सहाच्या चार ओळींत, प्रत्येक ओळीच्या टोकाला ती ओळ संपल्यावरचा कमाल वेग: ३२ नॉटच्या जहाजाला २४, १६, ८, ०. उजवीकडे वरून दिसणारं जहाज आणि टरेट जागच्या जागी. तोच क्रमांक बेसच्या मागच्या कडेला तीन मिलिमीटर उंचीच्या आकड्यात लिहायचा, नाहीतर एकसारख्या चार विनाशिकांची अदलाबदल ठरलेली.

कार्ड लॅमिनेट केलं की पेनचा प्रश्न येतो. व्हाइटबोर्डचा मार्कर बाहीने पुसला जातो आणि आख्खं टरेट परत जिवंत होतं. पारदर्शिकांवर लिहायचं, ओल्या फडक्याने पुसलं जाणारं पेन त्यापेक्षा भरवशाचं. लॅमिनेशन मॅट असावं, चकचकीत कार्डावर ट्यूबलाइटचा पट्टाच दिसतो. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात कडेला तीन-चार मिलिमीटर मोकळी प्लास्टिकची किनार न सोडता कापलेलं कार्ड दमट हवा आत घेऊन सुटतं.

२००७ मध्ये रंगवलेली १:१८०० ची प्लास्टिक जहाजं कार्डासकट विकायला आली आणि २०१३ च्या सुमारास शिडाच्या जहाजांच्या एका खेळाने प्रत्येक जहाजाला सोंगट्यांसाठी खाचा असलेला स्वतंत्र पाटच दिला. पाटामुळे समुद्र मोकळा झाला, पण टेबलाची कड भरली. चार जहाजांच्या पाटांना शेजारी दुसरं टेबल लागतं आणि त्याला कोपर लागलं की नोंद गेली. पेन्सिलची रेघ धक्क्याने हलत नाही.

फासे खूण म्हणून वापरायची सवय याच काळात वाढली आणि तिचा दोष सगळ्यांना माहीत आहे: वेग दाखवणारा फासा कोणीतरी उचलतो आणि टाकतो. लेझरने कापलेल्या बेसमध्ये सात-आठ मिलिमीटरच्या फाशासाठी खोबण ठेवली की हे बरंच थांबतं, कारण खोबणीतला फासा नखाने उचकटावा लागतो. आगीसाठी कापूस वापरणाऱ्यांनी तो तारेच्या रिंगणात अडकवून जहाजावर ठेवावा. सुटा कापूस १:३००० च्या डोलकाठीत गुंततो आणि आग विझताना डोलकाठीही सोबत येते.