गरम झाली की गप्प होणारी पद्मिनी

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि आमची जुनी प्रीमियर पद्मिनी नेमकी त्याच दिवसांत तुळजापूर रस्त्यावर बंद पडायची. शहर सोडल्यावर वीस-पंचवीस मिनिटं छान पळायची. तामलवाडीच्या अलीकडे-पलीकडे इंजिन थांबायचं. बॉनेट उघडायचं, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकायचं, लिंबाच्या सावलीत अर्धा तास बसायचं. मग पहिल्या सेल्फला चालू. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात नेली की कसलीच तक्रार नाही. दोन गॅरेजांत मिळून ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणारी कॉईल, ठिणगी पाडणारे प्लग आणि पेट्रोल पंप नवे बसवून झाले. दोष होता तिथेच राहिला.

पूर्ण मेलेला भाग सापडणं सोपं असतं. अधूनमधून येणारा दोष वैताग आणतो, कारण आपण बघायला जातो तेव्हा तो तिथे नसतो. पण असा दोष लहरी नसतो. उष्णता, हादरा किंवा ओल, या तिघांपैकी कुणीतरी आल्याशिवाय तो सहसा येत नाही. म्हणून सुटे भाग बदलत बसण्याआधी ती परिस्थिती ओळखायची आणि मुद्दाम गाडीवर आणायची. मला हे शिकवलं विजापूर वेशीजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, “बेटा, मरताना हिसके देती का, का एकदम गप होती?”

या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. पेट्रोल कमी पडलं तर इंजिन लगेच थांबत नाही. हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या साठवणीत, थोडं पेट्रोल शिल्लक असतं. त्याची पातळी उतरत जाते तसं मिश्रण पातळ होतं, गाडी मिसिंग मारते, सावरते, पुन्हा हिसका देते आणि मग थांबते. ठिणगी गेली तर मात्र किल्ली फिरवल्यासारखं सगळं एका क्षणात बंद होतं. आमची पद्मिनी एकदम गप्प व्हायची. मी ते कित्येकदा अनुभवलं होतं, पण त्याला काही अर्थ असेल हे लक्षातच आलं नव्हतं.

आता ठिणगीचं गणित. बारा व्होल्टच्या बॅटरीतून प्लगसाठी पंधरा-वीस हजार व्होल्ट काढायचे असतात. ही पद्धत अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंगने १९१०च्या सुमारास मोटारीसाठी घडवली, आणि पद्मिनीतही मूळ कल्पना तीच आहे. डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग. त्यातले पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारा छोटा स्विच, मिटलेले असताना कॉईलच्या जाड वेटोळ्यातून चारेक अँपियर प्रवाह वाहतो आणि चुंबकक्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो. क्षेत्र जितकं झटकन कोसळेल, तितकी ठिणगी जोरदार. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडतं.

अडचण अशी की वाहता प्रवाह सहजासहजी तुटत नाही. पॉइंट उघडायला लागले की त्या फटीतून उडी मारून तो वाहत राहू पाहतो. क्षेत्र मग हळूहळू विरतं आणि प्लगपर्यंत काहीच पोचत नाही. हे टाळायला पॉइंटला समांतर एक कंडेन्सर लावलेला असतो. जेमतेम करंगळीएवढी डबी, धारकता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, साधारण पाव मायक्रोफॅरॅड. पॉइंट उघडण्याच्या त्या पहिल्या क्षणी प्रवाह फटीत शिरण्याऐवजी या डबीत जातो, आणि तेवढ्यात फट पुरेशी रुंद होते. जुन्या धर्तीच्या कंडेन्सरमध्ये धातूचा पातळ पत्रा आणि कागद यांची गुंडाळी असते. ती तापली की फुगते, आतली पत्र्याची टेकण सुटू शकते आणि कंडेन्सर असून नसल्यासारखा होतो. थंड झाली की टेकण पुन्हा जुळते.

मग ओल्या फडक्याचं काय? ते तर दर वेळी लागू पडत होतं! उन्हाळ्यात व्हेपर लॉक हा खरा आजार आहे. पेट्रोल हे अनेक द्रवांचं मिश्रण असतं आणि त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. नळीत वाफेचा बुडबुडा अडकला की पंप पेट्रोल ढकलायच्या ऐवजी नुसता बुडबुडा दाबत राहतो. म्हणून फडक्यावरचा आमचा विश्वास चुकीचा नव्हता. पण फडकं टाकल्यावर आम्ही अर्धा तास थांबायचो, आणि त्या अर्ध्या तासात पंपाबरोबर कंडेन्सरही थंड व्हायचा. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या की श्रेय कुणाचं ते कळत नाही.

चाचांनी प्रयोग ठरवून दिला. पुढच्या खेपेला गाडी बंद पडल्यावर फडकं टाकून लगेच सेल्फ मारायचा. चालू झाली नाही तर वाट न बघता, जुना कंडेन्सर न काढता, खिशातला नवा कंडेन्सर वायरने कॉईलच्या पॉइंटकडच्या टोकाला जोडायचा आणि त्याची डबी इंजिनच्या धातूला घट्ट टेकवायची. पेट्रोलचा वास येत असेल तर कशालाच हात लावायचा नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं. तामलवाडीला दुपारी अडीच वाजता फडक्याने काही झालं नाही. नवा कंडेन्सर जोडला आणि तापलेल्या इंजिनाने लगेच आवाज दिला. इतका आनंद मला गाडी घेतली तेव्हाही झाला नसेल.

परत आल्यावर चाचांनी जुना कंडेन्सर प्लास्टिकच्या पिशवीत घातला, कडकडीत पाण्याच्या स्टीलच्या ग्लासात बुडवला आणि मीटर लावला. थंड असताना ०.२२ मायक्रोफॅरॅड दाखवणारा आकडा दोन-तीन मिनिटांत जवळपास शून्यावर आला. बाहेर काढून निवू दिल्यावर पुन्हा ०.२२. दोष हवा तेव्हा आणता आला आणि हवा तेव्हा घालवता आला. यापेक्षा भक्कम पुरावा काय हवा?

त्यानंतर मी प्रत्येक दोषाकडे असंच बघू लागलो. जुन्या गाडीत भागांपेक्षा जोड जास्त दगा देतात. दोन धातू घट्ट आवळलेले दिसले, तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते मोजक्याच उंचवट्यांवर टेकलेले असतात आणि सगळा प्रवाह तिथूनच जातो. त्या उंचवट्यांवर गंज चढला, की रोध वाढतो आणि जोड तापतो. तापून तो प्रसरण पावतो आणि टेकण हलते. अर्थ म्हणजे गाडीच्या धातूतून बॅटरीकडे प्रवाह परतायची वाट. हेडलाइटच्या अर्थच्या स्क्रूखाली गंजामुळे जेमतेम अर्धा ओहम रोध आला, तरी ६० वॉटच्या बल्बचा उजेड निम्म्यावर येतो. सेल्फ तर दीडशे अँपियर ओढतो. तिथे बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या पट्टीत ०.०२ ओहम जरी वाढला, तरी १५० गुणिले ०.०२ म्हणजे तीन व्होल्ट वाटेतच गेले. ही पट्टी सुटली की प्रवाह चोकच्या नाहीतर अॅक्सिलरेटरच्या केबलमधून परततो आणि ती केबल हाताला चटका देते. वायरमन लोक केबलला हात लावून बघतात ते यासाठीच.

इथे मीटरचा ओहम दाखवणारा काटा फसवतो. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शिल्लक असली, तरी मीटर ‘ठीक आहे’ सांगतो, कारण त्याचा स्वतःचा प्रवाह नगण्य असतो. म्हणून जोड कामाला लावूनच मोजावा. मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्यावर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवा, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या आत आलं तर बरं. एक व्होल्टच्या पुढे गेलं तर नट सोडून, पॉलिशपेपरने घासून पुन्हा आवळायचा.

हादऱ्याचे दोष शोधायला इंजिन चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने एकेक जोड हलकेच ठोकायचा आणि आवाज कुठे बदलतो ते ऐकायचं. पॉइंटला जाणारी छोटी वायर आवरणाच्या आत तुटलेली असते, बाहेरून धडधाकट दिसते. ती अशीच सापडते. ओलीचे दोष शोधायला पावसाची वाट बघायला नको. अंधार पडल्यावर प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला, की जिथून करंट गळतो तिथे निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. तेव्हा वायरींना हात मात्र लावायचा नाही.

नव्या काळाचा एक दोषही लक्षात ठेवावा लागतो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आमचा ऊसवाला जिल्हाही त्यात हातभार लावतो. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि जुन्या रबराला फुगवतं. जुन्या गाडीच्या सगळ्या पेट्रोल नळ्या मी इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या करून घेतल्या, आणि ते काम टाळू नये असं मला ठामपणे वाटतं.

डॅशबोर्डच्या खणात आता एक वही असते. वेळ, किती किलोमीटर झाले, ऊन की पाऊस, लाइट चालू होते का, टाकीत पेट्रोल किती, असं सगळं तिच्यात लिहितो. टाकीचंसुद्धा, कारण झाकणाचं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि काही किलोमीटरांनंतर पेट्रोल यायचं थांबतं. शेवटची नोंद होटगी रोडची आहे: “संध्याकाळी ७, पाऊस. वायपर चालू केला की हॉर्नचा आवाज बसतो. अर्थचा नट बघणे.”