तोल, चाल आणि संथ डोळे : लहान मेंदूच्या अभ्यासातला मुंबईचा वाटा

"सकाळी सकाळीच घेऊन आलाय वाटतं!" अटॅक्सिया, म्हणजे हालचालींचा मेळ बिघडण्याचा विकार, झालेल्या माणसाला असा शेरा बसथांब्यावर, रेल्वेच्या पुलावर हमखास ऐकावा लागतो. त्याने दारूच्या थेंबालाही हात लावलेला नसतो. तोल जातो म्हणून तो पाय फाकवून चालतो आणि जीभ जड झाल्याने शब्द तुटक येतात. बिघाड असतो डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत. या भागाची कामं कशी उलगडत गेली, त्या इतिहासात भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाचं ठळक स्थान आहे. मुंबईत ते फार कमी लोकांना माहीत आहे, याची मला मनापासून खंत वाटते.

फ्रान्सच्या पिएर फ्लुरांस यांनी १८२४ मध्ये कबुतरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लहान मेंदूचे थर काढत गेल्यावरही पक्ष्याला दिसत होतं, ऐकू येत होतं, पंखांत बळ होतं. पण नीट चालणं आणि उडणं काही जमेना. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. हालचालींचा मेळ घालणं हे या भागाचं काम आहे.

माणसाबद्दलची खरी माहिती पहिल्या महायुद्धात मिळाली. ब्रिटिश डॉक्टर गॉर्डन होम्स यांनी डोक्याला मागून गोळी लागलेले सैनिक बारकाईने तपासले. मोठ्या मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो. लहान मेंदूचा उजवा भाग मात्र उजवीच बाजू सांभाळतो. होम्स यांच्या एका रुग्णाने सांगितलं होतं की डाव्या हाताच्या हालचाली आपोआप होतात, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. लहान मेंदू आपल्याकडून किती भार उचलतो, हे मला याहून नेमकं कुठेच सापडलेलं नाही.

आजही ओपीडीत तपासणी साधीच असते. डॉक्टर बोट पुढे धरतात : आधी स्वतःच्या नाकाला हात लावा, मग माझ्या बोटाला. रुग्णाचं बोट निघतं ते ठीक, पण जवळ येईल तसं थरथरू लागतं आणि नेम चुकवून पुढे जातं. मग टाच दुसऱ्या पायाच्या गुडघ्यावर ठेवून नडगीवरून खाली सरकवायची. त्यानंतर एका रेषेत, टाचेला अंगठा लावून चालायचं. अनेकांची फजिती इथे होते, आणि सोबत आलेल्या बायकोचा किंवा भावाचा चेहरा पाहवत नाही.

असे काही आजार पिढ्यान्‌पिढ्या घरात चालतात. जर्मनीच्या निकोलाउस फ्रीडरिश यांनी १८६३ मध्ये त्यातला एक प्रथम नोंदवला. त्यानंतर शंभरेक वर्षांनी जे. जे.मध्ये डॉ. नोशिर वाडिया यांच्या नजरेला वेगळंच काही पडलं. या रुग्णांचा तोल तर जात होताच. पण डावीकडून उजवीकडे बघायला सांगितलं की त्यांचे डोळे अगदी हळूहळू सरकत. स्नायू लुळे नव्हते, बुबुळं कोपऱ्यापर्यंत पोहोचत. वेग तेवढा हरवलेला होता. एरवी डोळा अशी उडी सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात मारतो. ती झेप देणाऱ्या चेतापेशी लहान मेंदूच्या पुढ्यात, मस्तिष्कस्तंभात (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात) असतात. म्हणजे आजार लहान मेंदूपुरता नव्हता. वाडिया आणि स्वामी यांनी अशा ९ कुटुंबांची माहिती १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात मांडली. मेंदूचा पहिला सीटी स्कॅन लंडनमध्ये त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झाला! इथे साधन होतं ते डॉक्टरांची नजर आणि घरातल्या माणसांची चौकशी.

त्याच वर्षी मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ आली. त्यानंतर काही प्रौढ रुग्णांचे पाय पोलिओ झाल्यासारखे लुळे पडू लागले. विषाणू मज्जारज्जू आणि तिथून निघणाऱ्या नसांच्या मुळांना इजा करत होता. वाडिया आणि सहकाऱ्यांनी हा संबंधही वैद्यकीय जगासमोर आणला.

संथ डोळ्यांच्या त्या आजाराला आता एससीए-२ (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार २) म्हणतात. क्यूबाच्या ओल्गिन प्रांतात त्याचे खूप रुग्ण आहेत. १९९६ मध्ये त्याचं जनुक सापडलं : बाराव्या गुणसूत्रावर डीएनएची तीन अक्षरं वाजवीपेक्षा जास्त वेळा पुन्हा पुन्हा येतात. आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी असते, आणि पुढच्या पिढीत तो बहुधा लवकर सुरू होतो. रक्ताची चाचणी करता येते. आजार थांबवणारं औषध अजून नाही. व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव आणि बोलण्याची थेरपी यांवरच भर असतो.

जनुकाचा शोध तिथेच थांबला नाही. २०१० मध्ये असं दिसलं की त्याच जागी अक्षरांची पुनरावृत्ती मधल्या प्रमाणात वाढलेली असेल, तर एएलएस या स्नायू क्षीण करणाऱ्या चेतापेशींच्या आजाराचा धोका वाढतो. त्यामुळे हे जनुक आता दोन्ही आजारांवरच्या औषधांच्या संशोधनात तपासलं जात आहे.